दोन शिवांमधली राई

दोनशीव वाडीत शिरलं की डाव्या हाताला, डोंगराच्या उतारावर, झाडीचा एक आडवा पट्टा दिसतो. वर पाष्ट्यांची घरं, खाली भुवडांची, आणि मधे ही राई. किंजळ, बेहडा, आसाणा अशी जुनी झाडं, त्यांवर चढलेल्या मनगटाएवढ्या वेली. रुंदीला फार नाही. वरच्या अंगणातून हाक मारली तर खालच्या अंगणात स्वच्छ ऐकू येते. डांबरी रस्ता झाल्यापासून शहरातली माणसं घरासाठी जागा बघायला येतात, ती पहिल्यांदा या पट्ट्याकडेच बोट दाखवतात. समोर खाडी, जवळ ओहोळ, सकाळचं ऊन. "ही कुणाची?" असं विचारतात.

सोनूआबा भुवड तेव्हा म्हणतात, "कुणाचीच नाही. दोघांची होती, म्हणून कुणाचीच नाही." पाहुणे गोंधळतात. मग आबा त्यांना पडवीत बसवतात, पाणी देतात आणि सांगायला लागतात.

ही गोष्ट खोतांच्या काळातली, म्हणे. गाव, देऊळ आणि पंच खाली खाडीकाठी होते. या डोंगरावर पाष्टे आणि भुवड अशी दोनच घराणी. खोतानं डोंगर लागवडीला दिला तो असा, की माथ्यावरच्या काळ्या कातळापासून खाली वीस काठ्या पाष्ट्यांच्या आणि तळाच्या ओहोळापासून वर वीस काठ्या भुवडांच्या. तेव्हा जमीन काठीनं मोजत. एकाची विसावी काठी जिथं टेकेल तिथंच दुसऱ्याची टेकेल आणि तीच दोघांची शीव, असा खोताचा नुसता अंदाज. पण मधे सगळं रान माजलेलं होतं. शीव नेमकी कुठून जाते, हे बघायची कुणाला गरजच पडली नाही. देणारा खोत गेला, घेणारे म्हातारे गेले, आणि जमीन नातवंडांच्या हाती आली.

वरचा रावजी पाष्टे मोठा कष्टाळू. दर हिवाळ्यात उतार खणायचा, दगडाचा बांध घालायचा आणि डोंगराला एकेक सपाट पायरी काढायचा. पायरी झाली की तिच्यावर काठी आडवी टाकून मोजायचा आणि पुढच्या सालाला पुढची पायरी. खालच्या धाकू भुवडानं मात्र उतार उतारच ठेवला होता. त्यावर तो वरी-नाचणी करायचा.

रावजीला एकच मुलगी, आवडी. ती धाकूच्या थोरल्या मुलाला, तानूला दिलेली. माहेर वर आणि सासर खाली. आईच्या चुलीतून धूर निघाला की सासरच्या अंगणातून दिसायचा. आवडी लहानपणापासून चौकस. खेकडा आडवाच का चालतो, माडाला फांदी का नाही, असलं काही विचारून ती मोठ्या माणसांना हैराण करायची. रावजी म्हणायचा, "ही पोर उद्या देवीलाही जाब विचारील." म्हणायचा कौतुकानं, पण तसंच झालं.

धाकूचं घर पोराबाळांनी भरून गेलं तेव्हा त्यानं तानूला वेगळं घर बांधायला सांगितलं. जागा दिली ती आपल्या जमिनीच्या अगदी वरच्या कडेला, रावजीच्या शेवटच्या बांधाखाली. सुनेला माहेर जवळ पडेल, हा त्यात हेतू. ओहोळापासून काठी लोळवत तो स्वतः वर गेला, विसावी काठी बांधाच्या पायाशी टेकली आणि त्यानं तिथं खुंटी मारली. तानूनं घरासाठी फणसाचा मधला खांब तासून ठेवला. आवडीनं ओहोळातले दगड डोक्यावरून वाहून आणले. जोतं उभं राहिलं आणि ती ते चोपायला बसली, त्या दिवशी रावजी काठी घेऊन बांधावरून खाली उतरला.

"आवडे, हे जोतं कुणाच्या जागेत घालताय?"

"मामंजींच्या. त्यांनी मोजून दिलीय, बाबा."

"मीही मोजलीय. या बांधापर्यंत माझ्या सतराच काठ्या होतात. अजून तीन खाली यायच्या आहेत. यंदा तिथंच पायरी काढणार होतो मी."

तिला वाटलं बाबा थट्टा करतायत. पण रावजीच्या तोंडावर हसू नव्हतं. धाकूला बोलावणं गेलं. तो आला आणि म्हणाला, "व्याही, मी वीसच्या पुढं मूठभर गेलो असेन तर हात तोडून देईन." रावजी म्हणाला, "आणि मी सतराच्या वर एक वीत खात असेन तर माझाही तोड." बोलता बोलता आवाज चढले. तानूच्या हातातली कुदळ खाली पडली. त्या दिवसापासून वरच्यांनी खालच्यांशी बोलणं टाकलं आणि आवडीचं माहेरी जाणं बंद झालं.

भांडण पंचांपुढं गेलं. दोघांचा शब्द सारखाच वजनाचा. गावात दोघांनाही कुणी खोटं म्हणत नव्हतं. तेव्हा पंचांनी दिव्य सांगितलं. देवीपुढं कढईत तेल उकळायचं, त्यात धातूचा तुकडा टाकायचा आणि तो हातानं बाहेर काढायचा. भाजला तो खोटा.

सारा गाव देवळात जमला. आधी रावजी पुढं झाला. "खोतानं दिलेल्या वीस काठ्यांतल्या तीन अजून माझ्या हाती आलेल्या नाहीत," असं देवीला सांगून त्यानं कढईत हात घातला. तुकडा बाहेर आला. हातावर फोड नाही, लाली नाही. लोकांनी धाकूकडं पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता, पण तो मागं सरला नाही. "ओहोळापासून वीस काठ्यांच्या पुढं मी गेलेलो नाही," म्हणाला आणि त्यानंही हात घातला. त्याचाही हात जसाच्या तसा.

तेल तापलंच नव्हतं, गुरवानंच दया केली, असं कुणी सांगतं. पण त्याच कढईत बेलाचं पान टाकलं ते चर्रकन जळालं, हे पाहणारे पुष्कळ होते म्हणे.

आता काय करायचं? देवी दोघांनाही खरं म्हणते आणि जागा तर एकच. शेवटी पंचांतला थोरला म्हणाला, "आता शीव चालवायची. दोन्ही घरांची माती एका टोपलीत घालायची आणि ती डोक्यावर घेऊन एकानं चालायचं. तो जिथून जाईल ती शीव. खोटं चालला तर त्याचं घर नांदायचं नाही. आणि चालणारं माणूस दोन्ही घरांचं हवं. असं माणूस एकच आहे."

सगळ्यांच्या माना आवडीकडे वळल्या. दसऱ्याला तिनं शीव चालायची, असं ठरलं.

आवडी घरी आली. वरून चालली तर बाप खोटा पडणार, खालून चालली तर सासरा. सासू म्हणाली, "तू आता भुवडांची. खायचं कुणाचं ते ध्यानात ठेव." माहेरून आईनं निरोप पाठवला, तो एवढाच, की बाबा जेवत नाहीत. तासलेल्या खांबावर पाऊस पडू नये म्हणून तानू त्याच्यावर पेंढा टाकत राहिला.

पण भीतीच्याही वर आवडीच्या मनात एक गोष्ट घोळत होती. देवीनं दोघांनाही राखलं, ते का? दोघंही खरे असतील तर तीन काठ्या जमीन आली कुठून? जमीन काही पिठासारखी फुगत नाही. तिनं देवळात जाऊन नवस केला. "आई, मला घर नको, माहेर नको, आधी हे कळू दे. कळल्याशिवाय मी टोपली उचलणार नाही. आणि कळलं की कळलं तशीच चालेन, मग माझं काहीही होवो."

दुसऱ्या दिवशी तिनं सासऱ्याकडं काठी मागितली. धाकूनं विचारलं, "काय करतेस?"

"मोजते."

"मी मोजलीय ना?"

"तुम्ही मोजलीत, मामंजी. मी नाही मोजलेली."

धाकूला राग यायला हवा होता, पण त्यानं काठी दिली. ओहोळापासून वर, जमिनीवर काठी लोळवत ती गेली. वीस. सासरा खरा होता. मग ती बांध चढून माहेरच्या जमिनीत गेली. रावजी माथ्यावर कातळापाशी बसून बघत होता. त्यानं अडवलं नाही, हाकही मारली नाही. वरच्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत तिनं एकेक पायरी मोजली. सतरा. बापही खरा होता.

तिथं ती रडली म्हणे. कारण खोटं कुणी सापडलं असतं तर निदान चालायचं कसं ते कळलं असतं.

पुन्हा कातळापासून मोजून बघावं म्हणून ती पायऱ्यांच्या कडेच्या पायवाटेनं वर निघाली. ही वाट कुणी खणलेली नव्हती, डोंगराच्या मूळच्या उतारावरूनच सरळ वर जायची. लहानपणी याच वाटेवरून ती घसरत खाली यायची. काठी हातात होती आणि मन थाऱ्यावर नव्हतं, म्हणून ती काठी वाटेवर टाकत टाकत चढू लागली. मोजायचं असंही नव्हतं. कातळाला पाठ टेकली तेव्हा तिच्या तोंडातून आकडा निघाला, आणि तिचं तिलाच खरं वाटेना.

वीस.

ती उठली, धावत खाली बांधापाशी आली आणि परत मोजत वर गेली. वीसच. पायऱ्यांवरून सतरा आणि शेजारच्या वाटेवरून वीस. कातळ तोच, बांध तोच, काठीही तीच.

मग थोडं खाली येऊन तिनं काठीचं एक टोक वाटेवर टेकवलं आणि खालच्या अंगाला उभं राहून दुसरं टोक उचललं. काठी आडवी होईतो उचललं. ते टोक तिच्या छातीएवढ्या उंचीवर आलं. त्याच्याखाली जमिनीवर खडा टाकला. लोळवलेली काठी जिथं पोचत होती, त्याच्या बरीच पुढं, खालच्या अंगाला, तो खडा पडला. तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं लख्ख झालं. बाबा पायरी मोजत होते, म्हणजे आडवं. मामंजी उतार मोजत होते, म्हणजे तिरपं. तिरप्याच्या वीस काठ्यांत आडव्याच्या सतराच मावतात. कुणी कुणाचं खाल्लेलं नव्हतं.

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. माथ्यावरून रावजीनं ते पाहिलं आणि पोरीला वेड लागलं की काय म्हणून तो उठून उभा राहिला.

तिनं दोघांनाही बोलावलं, पंचांना आणि म्हाताऱ्या गुरवालाही. काठी आडवी आहे की नाही यावर वाद नको म्हणून काठीच्या मधोमध तिनं नारळाची करवंटी बांधली आणि तिच्यात काठोकाठ पाणी भरलं. एक टोक तानूनं जमिनीला लावलं, दुसरं तिनं उचललं. पाणी करवंटीच्या कडेला सगळीकडून सारखं लागलं की काठी आडवी. असं तिनं सगळ्यांदेखत करून दाखवलं.

रावजी बांधावर बसला. "म्हणजे मी खोटा?"

"नाही, बाबा."

"मग मी खोटा," धाकू म्हणाला.

"तुम्हीही नाही, मामंजी. बाबांनी पायरी मोजली, तुम्ही उतार मोजला. देवीला हे ठाऊक होतं. आपल्याला नव्हतं."

म्हातारा गुरव पुढं झाला. तो म्हणाला, "यापुढं मोजायचं ते आडवंच मोजा. घर काही उतारावर लवंडून उभं राहत नाही, जोत्यावर सरळ राहतं. माडही सरळ वाढतो. उतार कितीही लांब असो, सपाटीवर मावतील तितकेच खांब त्याच्यावर उभे राहतात." हे सगळ्यांना पटलं. पण मागच्याचं काय? पंचांनी विचारलं, "खोतानं दिलं तेव्हा त्याच्या मनात काठी कशी होती? आडवी की लोळवून?"

ते सांगू शकेल असं माणूस हयातच नव्हतं.

थोरला पंच म्हणाला, "मग शीव चालायलाच हवी."

रावजीनं मान वर केली. "त्या तीन काठ्या मी पोरीला आंदण दिल्या. घर बांधू दे तिला."

त्याला वाटलं, मिटलं. पण धाकू ताडकन उठला. "माझीच जागा माझ्या सुनेला आंदण देतोस? मीच तुला देतो, घे!"

"भीक घालतोस?"

झालं. दोघंही खरे ठरले आणि दोघंही अडून बसले. खोटं निघालेलं माणूस कधीतरी वाकतं. खरं ठरलेलं माणूस वाकायला फार वेळ लावतं, असं आबा इथं थांबून म्हणतात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आवडी तानूला घेऊन जोत्यावर गेली. "कसं चालायचं ते मला कळलंय," ती म्हणाली. "पण त्यात आपलं घर जातं."

तानू जोत्यावरून हात फिरवत राहिला. "सगळं?"

"सगळं."

"खांब तेवढा नेता येईल ना?" त्यानं विचारलं. तिनं मान डोलावली. मग तो म्हणाला, "चाल."

दसऱ्याला सकाळी आवडीनं ओहोळात अंघोळ केली. ओल्या लुगड्यानं ती डोंगर चढली. टोपलीत वरची आणि खालची माती घालून पंचांनी ती तिच्या डोक्यावर ठेवली. दोन्ही घरचे दोन्ही अंगांना उभे होते. ती रावजीच्या शेवटच्या बांधाच्या पायाशी आली आणि बांधाच्या कडेकडेनं डोंगराच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत चालत गेली. खालच्या लोकांत कुजबूज उठली. रावजीनं मान खाली घातली. शीव धाकूच्या बाजूनं झाली होती.

पण आवडीनं टोपली उतरवली नाही. ती उतारानं खाली आली, जोत्याच्याही खाली, बाबांच्या तीन काठ्या जिथं आडव्या मोजून संपत होत्या तिथपर्यंत. आणि तिथून वळून ती परत या अंगाला चालत आली. मग तिनं टोपली उतरवली.

"ती वरची मामंजींची शीव," ती म्हणाली, "आणि ही खालची बाबांची."

पंच म्हणाले, "पोरी, एका जागेला दोन शिवा नसतात."

"देवीनं दोघांचेही हात राखले. त्यातला एक मी कसा भाजू? दोन्ही शिवा खऱ्या आहेत. दोन्हींच्या मधे माझं घर होतं. ते मी देवीला दिलं. आता तिथं कुणी नांगर घालू नये, खांब रोवू नये."

ती खरं चालली की खोटं, हे कुणालाही सांगता येईना. पण टोपलीतली माती तिथं ओतली तेव्हा वरची तांबडी आणि खालची काळी अशी वेगळी निवडता येईना, इतकी ती एक झाली होती म्हणे. पंचांनी हात जोडले आणि निवाडा उठला.

आवडी-तानूला डोंगरावर जागा उरली नव्हती. तेव्हाच्या खोतानं त्यांना ओहोळापलीकडे एक पडीक तुकडा दिला. शेजाराला कुणी नाही, नुसता खडक आणि कारवी. घर मोजून घ्यायच्या दिवशी तानूनं वरचं टोक धरलं. करवंटीत पाणी भरून आवडी काठीच्या मधे उभी राहिली. खालचं टोक धरायला माणूस नव्हतं. धाकू तापानं पडला होता. बाकीचे कापणीत होते. दोघं तशीच उभी राहिली.

तेवढ्यात पलीकडच्या डोंगरावरून कुणी उतरताना दिसलं. ओहोळ ओलांडून रावजी आला. निवाड्यापासून तो लेकीशी बोललेला नव्हता. धोतर खोचून खाली उभा राहिला आणि त्यानं काठीचं मोकळं टोक हातात घेतलं. पण त्याच्या हाताला अंदाज नव्हता. टोक खाली राहिलं, करवंटी कलली आणि पाणी आवडीच्या पायांवर सांडलं.

"बाबा," ती म्हणाली, "वर धरा."

रावजीनं टोक उचललं. कमरेपर्यंत, छातीपर्यंत. पाणी हललं आणि मग स्थिर झालं. त्यानं ते टोक तसंच धरून ठेवलं. खडा टाकून झाला, खूण करून झाली, तानू "झालं, मामा" म्हणाला, तरी तो सोडीना. मग त्यानं विचारलं, "दार कुठल्या अंगाला करणार?"

"तुमच्या अंगाला," आवडी म्हणाली.

आजही या वाडीत घराची जागा मोजायची तर शेजारी यावा लागतो. तालुक्याहून मोजणीवाले येतात, तीन पायांचं यंत्र लावतात, नकाशा देतात. ते सगळं रीतसर होतं, त्याला कुणी नाही म्हणत नाही. पण ते गेले की करवंटी बांधलेली काठी बाहेर निघते. एक टोक जागेच्या धन्यानं धरायचं आणि दुसरं शेजाऱ्यानं. शेजाऱ्याशी बोलणं बंद असेल तर आधी बोलणं सुरू करायचं आणि मग मोजायचं. म्हणून काही घरांचं मोजणं दोन-दोन वर्षं रखडतं. बाहेरून आलेल्यांनाही यातून सूट नाही. मागच्याच महिन्यात एका बँकेतल्या बाईंनी इथं जागा घेतली. त्या बूट घालून, टोपी घालून खालच्या अंगाला उभ्या राहिल्या. काठी कशी धरायची ते त्यांना कळेना, अर्धं पाणी काठीवरून ओघळून साडीवर आलं आणि त्या ओशाळल्या. वरच्या टोकाला पाष्ट्यांची सून होती, डोक्यावर पदर घेतलेली, तोवर त्यांच्याशी एक शब्दही न बोललेली.

तिनं वरून हाक मारली, "वर धरा, ताई. आणखी वर. हं, आता बघा पाणी कसं थांबलं."